गुलाबाची भूक

दिवाळीच्या दिवसांत वाड्याच्या परसात, बंगल्याच्या आवारात किंवा चाळीच्या गॅलरीतल्या कुंडीत पाहावे, तर गुलाबाची अवस्था मोठी केविलवाणी दिसते. घरादाराने नवे कपडे केलेले असतात, दारात रांगोळी असते, वर आकाशकंदील हेलकावत असतो; आणि फुलांचा राजा म्हणवून घेणारा हा गृहस्थ मात्र चार काटेरी खुंट वर करून जवळजवळ उघडा उभा असतो. दसऱ्याच्या आगेमागे त्याची छाटणी झालेली असते. पण जरा जवळ जाऊन पाहिले, म्हणजे त्या खुंटांच्या डोळ्यांतून तांबूस, तकतकीत धुमारे फुटलेले दिसतात. छाटणीपासून सहासात आठवड्यांनी, म्हणजे कार्तिक सरता सरता किंवा मार्गशीर्षात, त्याच धुमाऱ्यांच्या टोकाला फुले यायची असतात. तेव्हा घरातली माणसे फराळाला बसतात ती वेळ गुलाबाच्याही फराळाचीच असते. फक्त तो बोलून मागत नाही, एवढेच.

गुलाब खादाड आहे, अशी तक्रार तो लावणारा प्रत्येक जण करतो. तगर, जास्वंद, पारिजातक ही झाडे मिळेल त्यावर वर्षानुवर्षे निभावून नेतात. गुलाबाचे तसे नाही. एक वर्ष हयगय झाली की फूल बारीक होते. दोन वर्षे झाली की फांद्या शेंड्यापासून काळ्या पडत खाली वाळत येतात. आणि तिसऱ्या वर्षी आळ्यात उरतो तो खुंटाला फुटलेला रानटी झुपका. तथापि हा खादाडपणा गुलाबाचा जन्मजात स्वभाव नव्हे. ती भूक त्याला लागली, किंबहुना आपण लावली. ती कशी लागली याची हकीकत सव्वादोनशे वर्षांची आहे. तिच्यात कँटनचे माळी आहेत, कलकत्त्याची कंपनी बाग आहे, हिंदी महासागरातले एक बेट आहे, इंग्लंडातले गरीब कामगार आहेत आणि आपल्या शेजारचे इंदूरही आहे.

आधी नावाचेच पाहू. फारसीत फुलाला 'गुल' म्हणतात आणि पाण्याला 'आब'. म्हणजे 'गुलाब' हे खरे तर फुलाचे नावच नव्हे, ते फुलाच्या पाण्याचे नाव. आपण ते पाण्याचे नाव फुलाला देऊन टाकले, आणि मग पाण्याला नाव उरले नाही म्हणून त्याला 'गुलाबपाणी' म्हणू लागलो! व्याकरणाच्या दृष्टीने हा घोटाळा खरा; परंतु त्यात जुन्या काळची एक खूण राहून गेली आहे. त्या काळी फुलापेक्षा त्याच्या पाण्याशी माणसांचा परिचय अधिक असणार, कारण फूल वर्षातून थोडे आठवडे दिसे आणि पाणी मात्र बाराही महिने शिशीत असे.

पश्चिमेकडचा आणि इराणचा जुना गुलाब वर्षातून एकदाच फुलत असे. थंडी सरली की नवी पालवी, पालवीमागून फुलांचा बहर, आणि तो बहर ओसरला की पुढच्या वर्षापर्यंत नुसती पाने. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने गुलाबांविषयी लिहून ठेवले आहे. बहुतेकांना पाच पाकळ्या असतात, काहींना बारा, काहींना वीस, तर काहींना शंभरही असतात, असे तो सांगतो. फिलिप्पीचे लोक पँगियस डोंगरावरून अशी शतदलांची झुडपे आणून आपल्या बागांत लावीत. (आपल्या निघंटूंतले 'शतपत्री' हे नाव येथे आठवल्यावाचून राहत नाही.) झुडूप छाटले किंवा वरून जाळून काढले तर फूल अधिक चांगले येते, हेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे छाटणीची विद्या निदान तेवीसशे वर्षांची जुनी आहे.

एकदाच येणाऱ्या पाहुण्याला माणूस साठवून ठेवू पाहतो. गुलाबपाणी, गुलकंद आणि अत्तर यांच्या मागे ही हौस आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की नूरजहानच्या आईने गुलाबपाणी काढताना पात्रावर जमलेला तेलकट तवंग टिपून घेतला आणि त्यातून असे अत्तर निघाले, की त्याचा एक थेंब तळहाताला चोळला तर सारी बैठक घमघमून जावी. बादशहाने तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली आणि अत्तराला 'इत्र-ए-जहांगिरी' असे नाव पडले. पुढे गाझीपूर गुलाबपाण्यासाठी आणि कनोज अत्तरासाठी प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या समारंभांतले अत्तरगुलाब याच परंपरेतले. पाहुण्यांच्या अंगावर गुलाबदाणीतून शिंपडला जाई तो कुठल्या तरी सरून गेलेल्या वसंताचा शिलकी ठेवा असे.

असा गुलाब खाई तरी किती? फार थोडे. वर्षातले दहा-अकरा महिने तो कमाई करी आणि एक महिना ती उधळी. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न, मुळांनी मातीतून ओढलेली द्रव्ये, सारे फांद्यांत आणि मुळांत साचत राही. गळलेली पाने पायाशीच कुजत आणि पुन्हा मातीत जात. भोवती गवत असे, इतर झुडपे असत; त्यांचा पाचोळाही त्याला मिळे. जमाखर्च बरोबर जुळे. या गृहस्थाला सावकाराकडे जाण्याचे कारण पडत नसे.

हा जमाखर्च बिघडवला तो चीनहून आलेल्या पाहुण्याने. चीनमध्ये बागेतल्या गुलाबाला 'युएजी' म्हणतात. महिन्यामहिन्याला येणारे फूल, असा त्या नावाचा भाव आहे. तिथल्या माळ्यांनी कित्येक शतकांपूर्वी असा गुलाब जोपासला होता, की जो एक बहर संपताच दुसऱ्याच्या तयारीला लागे. ईस्ट इंडिया कंपनीची गलबते चहा आणायला कँटनला जात, तेव्हा शहराबाहेरच्या फाती नावाच्या रोपवाटिकांतून चहाबरोबर झाडेही घेत. परतीच्या वाटेवर कलकत्ता लागे. तिथे १७८७ साली कंपनीची वनस्पतिबाग स्थापन झाली होती. गोड्या पाण्यावाचून महिनोन्महिने समुद्रात कोमेजलेली रोपे तिथे उतरवून पुन्हा ताजीतवानी करता येत. याच वाटेने १७९२ च्या सुमारास स्लेटरचा किरमिजी गुलाब इंग्लंडात पोचला, १७९३ मध्ये पार्सन्सचा गुलाबी आला, १८०९ मध्ये ह्यूमचा फिकट आणि १८२४ मध्ये पार्क्सचा पिवळा. शेवटच्या दोघांना ताज्या चहासारखा वास येतो म्हणून ते 'टी रोझ' झाले. फ्रेंच लोकांना ही मंडळी कलकत्त्याकडून येतात एवढेच ठाऊक. त्यांनी सरळ 'बंगालचा गुलाब' असे नाव ठेवले आणि ते पुष्कळ वर्षे टिकले.

त्या दिवसांत इंग्लंड आणि फ्रान्स यांचे हाडवैर होते. पण नेपोलियनची राणी जोसेफीन हिने पॅरिसजवळच्या मालमेझों येथे गुलाबांची बाग मांडली होती, आणि तिच्यासाठी रोपे घेऊन जाणाऱ्या एका इंग्रज रोपवाटिकावाल्याला ऐन युद्धात ये-जा करण्याचा परवाना मिळाला होता. तोफा समुद्रात एकमेकांवर धडाडत असता गुलाब तेवढा पलीकडे जात होता.

पुढचा प्रसंग घडला तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर. त्याचे त्या वेळचे नाव बूर्बों. तिथले शेतकरी शेताला काटेरी कुंपण म्हणून दोन प्रकारचे गुलाब लावीत: एक दमास्कसचा, शरदात पुन्हा थोडी फुले देणारा, आणि दुसरा चीनचा गुलाबी. दोघांचा आपोआप संकर झाला आणि कुंपणात एक निराळेच रोप उगवले. बेटावर त्याला 'रोझ एदुआर' म्हणत. १८१९ च्या सुमारास त्याचे बी पॅरिसला गेले आणि तिकडे 'बूर्बों' गुलाबांचे घराणे सुरू झाले. आता गंमत पाहा. आपल्याकडे जुन्या माळ्यांच्या तोंडी 'एडवर्ड' नावाचा एक गुलाबी, सुवासिक, काटक गुलाब असतो. पूजेला, गुलकंदाला आणि कलमाच्या खुंटालाही तो चालतो. पुष्कळांना वाटते, हे सातव्या एडवर्ड बादशहाचे नाव असावे. वस्तुतः तो रियुनियनच्या कुंपणातला एदुआर आहे. बादशहाच्या जन्माआधीपासून तो आपल्या नावाने नांदत होता.

चिनी गुलाबाला बारमाही बहर का येतो, याचे उत्तर शास्त्रज्ञांना मिळाले ते २०१२ मध्ये. रानगुलाबात एक असा जीन असतो, की जो वसंतातला बहर होताच 'आता पुरे' अशी आज्ञा देतो. चिनी गुलाबात त्याच जीनमध्ये वंशद्रव्याचा एक भटका तुकडा येऊन अडकला आहे. त्यामुळे आज्ञा देणारा मुका झाला. बागवानांनी ज्याला गुण मानले तो खरे तर गाडीचा तुटलेला ब्रेक होय. शिवाय हा गुण संकराच्या पहिल्या पिढीत झाकलेला राहतो आणि पुढच्या पिढीत काही रोपांत उघडा पडतो. म्हणून युरोपच्या माळ्यांना पहिली बरीच वर्षे हात चोळीत बसावे लागले. अखेर १८६७ साली लिआँ येथील गियो याच्या बागेत 'ला फ्रान्स' हा गुलाब फुलला. आज आपण दुकानात जाऊन नुसते 'गुलाब द्या' म्हणतो, तेव्हा लांब दांड्याचा, टोकदार कळीचा जो गुलाब समोर येतो, त्या 'हायब्रिड टी' कुळाचा हा मूळपुरुष मानला जातो.

ब्रेक तुटला आणि भूक सुरू झाली. हायब्रिड टीचे फूल जुन्या फांदीवर येत नाही. प्रत्येक फुलासाठी पानांसह नवा धुमारा काढावा लागतो. धुमाऱ्याला आणि पानांना नत्र हवे, मुळांना व कळीला स्फुरद हवा, काडी कणखर व्हायला आणि रोगाशी झुंजायला पालाश हवे. शिवाय आपण ते फूल देठासकट तोडून फुलदाणीत ठेवतो. म्हणजे झाडाने कष्टाने जमवलेले ते द्रव्य पुन्हा मुळाशी जात नाही. पूर्वीचा उधळ्या वर्षातून एकदा खर्च करी; हा नवा दर सहा-सात आठवड्यांनी करतो, आणि पैसा घराबाहेर जातो. मग बाहेरून भर घालण्यावाचून दुसरा उपाय कोणता?

योगायोग असा, की ज्या काळात ही भूक वाढत होती त्याच काळात वनस्पती काय खातात हे कोडे उलगडत होते. १८४० मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपला ग्रंथ प्रसिद्ध करून वनस्पतींच्या आहारातील खनिजांचे महत्त्व जोराने मांडले. इंग्लंडातल्या रॉथमस्टेड येथील जमीनदार जॉन लॉज याच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न होता: हाडांचा चुरा काही शेतांना मानवतो आणि काहींना मुळीच मानवत नाही, हे कसे? त्याने हाडांवर गंधकाम्ल ओतून पाहिले, आणि १८४२ मध्ये 'सुपरफॉस्फेट'चे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी गिल्बर्ट या रसायनज्ञाला हाताशी धरून त्याने शेतीचे जे प्रयोग सुरू केले, त्यांतले काही आजही त्याच जमिनीवर चालू आहेत.

या कथेतला सर्वांत लोभस माणूस मात्र शास्त्रज्ञ नव्हता, पाद्री होता. सॅम्युएल रेनॉल्ड्स होल हा नॉटिंगहॅमच्या बाजूच्या एका खेड्यातला धर्मोपदेशक. १८५८ साली लंडनमध्ये गुलाबांचे पहिले राष्ट्रीय प्रदर्शन त्याने पुढाकार घेऊन भरवले. त्याचे गुलाबांवरचे पुस्तक १८६९ मध्ये निघाले. त्यात खतांवर एक सबंध प्रकरण आहे. आणि नाना तऱ्हा करून पाहिल्यावर गोठ्याचे चांगले कुजलेले खत हेच सर्वांत उत्तम, असा कौल त्याने दिला आहे.

त्याच पुस्तकात त्याने एक आठवण सांगितली आहे. एका एप्रिल महिन्यात त्याला नॉटिंगहॅमच्या कामगारांचे पत्र आले: ईस्टरच्या सोमवारी आमचे गुलाबांचे प्रदर्शन आहे, परीक्षक म्हणून यावे. इंग्लंडात त्या थंडीत गुलाब कुठले? त्याला वाटले, कोणी तरी एप्रिलफूल करीत आहे. तरी गेला, आणि एका साध्या खाणावळीच्या माडीवर बाटल्यांतून मांडलेले गुलाब पाहून थक्क झाला. ही फुले गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या माणसांनी शहराबाहेरच्या भाड्याच्या वाफ्यांत, ओबडधोबड काचघरांत वाढवली होती. कडाक्याच्या रात्री गुलाब गारठू नयेत म्हणून स्वतःच्या अंथरुणातले पांघरूण त्यांच्यावर घालणारी माणसे त्यांत होती. नवी महागडी कलमे कशी परवडतात असे विचारता, दारूच्या गुत्त्यापासून दूर राहतो म्हणून, असे उत्तर मिळाले. नॉटिंगहॅमच्या त्या वाफ्यांपैकी काही आजही आहेत, आणि त्यांतल्या एका भागाचे नाव 'हंगरहिल', म्हणजे भुकेची टेकडी. स्वतः अर्धपोटी राहणाऱ्या माणसांनी जिथे गुलाबांची भूक भागवली, त्या जागेला याहून नेमके नाव कोणी ठरवूनही दिले नसते.

पण प्रदर्शनांची हौस वाढली तशी एक विकृतीही आली. बक्षीस मिळे ते फुलाला, झाडाला नव्हे. मग एकेक झाड तालमीतल्या पहिलवानासारखे पोसायचे, त्याच्या साऱ्या कळ्या खुडून एकच ठेवायची आणि ते एक फूल परातीएवढे करायचे, असा परिपाठ पडला. गुलाबांचे वाफे निराळे झाले. त्यांत दुसरे रोप नाही, गवताची काडी नाही. वर्षभर उघडी माती, तिच्यावर खताचा थर आणि त्यातून डोकावणाऱ्या काठ्या. फार नत्र खाल्लेला कोवळा धुमारा माव्याला आणि भुरीला आमंत्रण देतो. आणि सारी जात एकाच ठिकाणी कोंडली की रोगाला घर शोधत हिंडावे लागत नाही. १९०० साली पेर्ने-दुशे याने इराणी पिवळ्या गुलाबाच्या रक्तातून 'सोलेई दोर' आणला आणि गुलाबबागेत खरा झगझगीत पिवळा रंग आला. परंतु त्या रक्ताबरोबर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची खोडही घराण्यात शिरली. सोने आले आणि त्याबरोबर चिंता आली.

या एकलकोंड्या वाफ्यांविरुद्ध पहिला जोरदार आवाज उठवला तो विल्यम रॉबिन्सन याने, १८८३ सालच्या आपल्या पुस्तकातून. गुलाबाला बागेतून हद्दपार करून खताच्या ढिगावर का बसवता, त्याच्या पायाशी दुसरी फुलझाडे का लावीत नाही, असा त्याचा सवाल होता. त्याची स्नेही गर्ट्रूड जेकिल ही मूळची चित्रकार. दृष्टी अधू झाल्यामुळे तिने कुंचला ठेवला आणि बागेत रंग भरायला घेतले. १९०२ मध्ये एडवर्ड मॉली याच्याबरोबर तिने गुलाबांवर पुस्तक लिहिले. गुलाब भिंतीवर चढवावा, झाडावर सोडावा, लॅव्हेंडरसारख्या बहुवर्षायू रोपांच्या सोबतीने नांदवावा, असे तिचे सांगणे. तिने पाहिले ते रंगांच्या नजरेने. पण मातीच्या दृष्टीनेही ते बरोबर होते. सोबतीची रोपे जमीन झाकतात, ऊन तिला भाजत नाही, ओल टिकते, पाचोळा जागीच कुजतो, आणि त्यांच्या फुलांवर येणारे कीटक मावाही खातात. जुन्या रानगुलाबाला शेजार फुकट मिळत होता. तो त्याला परत देण्याचाच हा उद्योग होता.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९०५ साली पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेला अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरला गेला आणि तिथल्या संशोधनसंस्थेत १९३१ पर्यंत राहिला. कापसाच्या काड्या, पालापाचोळा, गवत, उसाचे पाचट अशी जी चीजवस्तू शेतकरी जाळून टाकी किंवा फेकून देई, तिचे खत कसे करावे याची रीत त्याने तिथे बसवली. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख, पुन्हा कचऱ्याचा थर. बेताचे पाणी, आणि हवा खेळावी म्हणून मधूनमधून उलथापालथ. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. आज साऱ्या जगात ही 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. त्यावर हॉवर्डच्या बरोबरीने यशवंत वाड हे नाव आहे, आणि ते वाचून मराठी वाचकाला आपुलकी वाटेल. हॉवर्ड म्हणे की हिंदुस्थानातले शेतकरी आणि तिथल्या किडी हेच आपले गुरू. झाडाला चारण्याची घाई करू नका, मातीला चारा. ती झाडाचे पाहून घेईल, हे त्याच्या शिकवणीचे सार.

लीबिग आणि लॉज यांनी झाडाच्या ताटात काय काय असते ते मोजून सांगितले. हॉवर्डने स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. दोघांपैकी एकच खरा, असा वाद पुढे पुष्कळ माजला. गुलाब लावणाऱ्याला मात्र दोघांचेही ऐकावे लागते, आणि याचे उत्तम उदाहरण डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे. तांबेऱ्याला दाद न देणारे गहू निपजवण्यात त्यांनी आयुष्य वेचले आणि १९६५ मध्ये भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले. फुरसतीच्या वेळी हाच माणूस गुलाबांचे संकर करी. भारतातल्या गुलाबांवरचे त्यांचे पुस्तक १९६६ चे. आपल्या एका पांढऱ्याशुभ्र गुलाबाला त्यांनी डॉ. होमी भाभांचे नाव दिले. गहू पोटासाठी, गुलाब मनासाठी. पण दोन्ही वाढवणारा हात एकच होता.

तेव्हा आपल्या अंगणातल्या गुलाबाला काय वाढावे? आपल्या हवेत बर्फ पडत नाही, म्हणून गुलाबाला सक्तीची झोप नाही. ती द्यावी म्हणून जुने माळी पावसाळ्यानंतर पाणी तोडीत आणि आळ्यातली माती काढून मुळे आठ-दहा दिवस उन्हात उघडी ठेवीत. हल्लीचे पुष्कळ जाणकार मुळे उघडी करायला नको म्हणतात. तेवढे सोडले तरी छाटणी ही विश्रांतीच आहे. वाळकी, रोगट, आत वळलेली काडी काढावी. बाहेर पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप घ्यावा. खुंटाचे रानटी धुमारे मुळापासून ओढून काढावे. मग मोठ्या झाडाला पाटीभर चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड, बुंध्यापासून वीतभर दूर, हलक्या हाताने मातीत मिसळून भरपूर पाणी द्यावे. ताजे शेण कधी घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे पोळतात. पुढे प्रत्येक बहरानंतर थोडे थोडे द्यावे. एकदम पंगत वाढण्यापेक्षा हे त्याला मानवते.

हाडांच्या चुऱ्याविषयी एक सांगितले पाहिजे, कारण तो घालण्याची आपल्याकडे फार चाल आहे. रॉथमस्टेडचा तो जुना प्रश्न दख्खनच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आजही उभा आहे. हाडातला स्फुरद आम्लधर्मी मातीत विरघळतो. आपल्या अल्कधर्मी मातीत तो बराचसा जागच्या जागी पडून राहतो. याच मातीत लोहही झाडाला मिळेनासे होते, आणि मग कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी माणूस घाबरून आणखी खत ओततो. वस्तुतः झाडाचे ताट भरलेलेच असते, फक्त त्याला ते खाता येत नसते. कुजलेले सेंद्रिय खत वर्षानुवर्षे घालीत राहणे हा त्यावरचा सावकाश पण खात्रीचा उपाय आहे. कोकणातल्या तांबड्या मातीची तऱ्हा याच्या उलट. तिथे हाडांचा चुरा लागू पडतो, पण पावसाबरोबर बाकीचे अन्न वाहून जाते.

आणि शेजार विसरू नये. लॅव्हेंडर आपल्या पावसात सहसा टिकत नाही. पण आपली शेवंती आहे, निशिगंध आहे, अबोली आहे. ही वर्षानुवर्षे राहणारी मंडळी गुलाबापासून हातभर अंतरावर लावावी. दाट गर्दी करू नये, नाही तर वारा अडतो आणि भुरी येते. मधल्या जागेत हंगामी झेंडू घालावा. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना त्याच्या मुळांतले द्रव्य सोसत नाही. मोठ्या झाडाची सावली मात्र नको. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन पाहिजे, आणि मोठ्या झाडाची मुळे त्याच्या ताटातले उचलून नेतात.

गुलाबाच्या भुकेची आजची परिसीमा पाहायची असेल, तर तळेगाव दाभाड्याकडची प्लॅस्टिकची घरे पाहावी. तिथे गुलाबाची मुळे पुष्कळदा मातीतही नसतात. नारळाच्या भुशात असतात. बारीक नळीतून थेंब थेंब पाणी आणि त्याबरोबर मोजून दिलेली नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला फुले परदेशी पोचावी म्हणून छाटणीचे दिवस आधीच ठरवलेले. त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तेथे गुलाबाला शेजारी नाही, पाचोळा नाही, आणि एक दिवस वीज गेली तर जेवणही नाही. अंगणातल्या गुलाबाला निदान मातीचा आधार असतो. आपण दोन दिवस विसरलो तरी ती सांभाळून घेते.

कँटनच्या कुणा अज्ञात माळ्याने 'आता पुरे' म्हणायला विसरलेले एक झुडूप जपले, आणि तेव्हापासून आपण गुलाबाकडे बारा महिने मागत आलो आहोत. मागण्यात गैर काही नाही. फुलासाठीच तर झाड लावायचे. पण जो बारा महिने देतो त्याला बारा महिने द्यावे लागते, हा साधा हिशेब नॉटिंगहॅमच्या कामगारांना उमगला होता.

या दिवाळीत फराळाची ताटे आवरून झाली, की जरा परसात जावे. काल रात्री उडवलेल्या फटाक्यांचे कागद आळ्यात पडलेले असतील ते वेचून काढावे. तांबूस धुमाऱ्यांना धक्का न लावता माती हलकेच मोकळी करावी, पाटीभर खत घालावे, वर वाळल्या पानांचे पांघरूण पसरावे आणि पाणी द्यावे. बाजारातून आणलेल्या शेवंतीच्या कुंडीतली फुले संपली, की तिच्या मुळ्याही जवळपास लावून टाकाव्या. मार्गशीर्षातल्या एखाद्या थंड सकाळी दार उघडताच पहिली कळी उमललेली दिसेल, तेव्हा ती तोडण्यापूर्वी क्षणभर थांबून पुढच्या खताची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.